कुलगुरूंच्या उजवीकडची खुर्ची

कुलगुरू वैद्यांच्या निरोपाचा फोटो साडेचारला निघायचा होता. पावणेपाच वाजले तरी पुढच्या रांगेतल्या नऊ खुर्च्यांपैकी एकीवरही कोणी बसले नव्हते, आणि एका खुर्चीवर दोन रुमाल पडलेले होते.

रुमाल दोन प्राध्यापकांचे होते आणि खुर्ची मधल्या खुर्चीच्या उजवीकडची होती. मधल्या खुर्चीत मावळते कुलगुरू बसणार हे उघडच होते. त्यांच्या उजवीकडे जो बसेल तो पुढचा कुलगुरू, असे कुठल्याही नियमात लिहिलेले नव्हते; त्यामुळेच बहुधा त्यावर सर्वांचा ठाम विश्वास होता. पाच दिवसांनी तीन जणांची निवड समिती येणार होती. ती कुलगुरूंच्याच दालनात बसणार होती आणि हा फोटो त्याच दालनाच्या भिंतीवर लागणार होता.

पहिला रुमाल ग्वाल्हेरच्या नरहरराव मुळ्यांचा. ते इतिहास शिकवत. दुसरा जबलपूरच्या गोपीनाथ दुब्यांचा. ते गणित शिकवत. चार तुकडे जोडून नवे राज्य झाले, भोपाळ त्याची राजधानी झाली, विद्यापीठही निघाले. पण साडेतीन वर्षांत सरकारी नोकरांच्या ज्येष्ठतेच्या याद्या जोडायच्या राहूनच गेल्या होत्या. ग्वाल्हेरच्या यादीत मुळ्ये वर होते, जबलपूरच्या यादीत दुबे. दोन्ही याद्या एक करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या सात बैठका झाल्या होत्या, आणि सातव्या बैठकीत पहिल्या बैठकीचे इतिवृत्त मंजूर झाले होते.

"को ख़ाँ, धूप जा रही है!" फोटोग्राफर शकूर मियाँ काळ्या कापडातून डोके बाहेर काढून, भोपाळी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनाच 'ख़ाँ' म्हणत, ओरडले. "मेरे कैमरे को सब बराबर हैं. कोई भी बैठ जाओ!"

"कोणीही कसं?" नरहरराव म्हणाले. "दुबेजी, आपण डावीकडे तशरीफ ठेवा. डावी बाजू हृदयाची."

"हृदय में आप ही बैठिए, मुळेजी," दुबे म्हणाले. "मैं ठहरा गणितवाला. एक के बाद दो आता है, बस इतना जानता हूँ."

"म्हणजे दोन कोण?"

"वो तो आपने ख़ुद ही पूछ लिया."

रजिस्ट्रार नीळकंठराव देशकर मध्ये पडले. ते नागपूरच्या सचिवालयातून आलेले. कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसत नसे आणि कागदावर असलेली गोष्ट दिसल्यावाचून राहत नसे.

"उगाच काय भांडून राहिले, साहेब? ग्वाल्हेरची यादी ग्वाल्हेरची, जबलपूरची जबलपूरची. आपल्या विद्यापीठाचा म्हणून एकच कागद आहे. पहिल्या दिवशी कोण किती वाजता रुजू झालं त्याचं रजिस्टर. तेच मागवतो."

दोन्ही प्राध्यापकांचे चेहरे उजळले. दोघांनाही तो दिवस लख्ख आठवत होता. आपण दुब्यांचे पेन मागून घेतले आणि आधी सही केली, असे मुळ्यांना आठवत होते. पेन देण्यापूर्वी आपली सही झालेली होती, असे दुब्यांना आठवत होते.

"मगर बाद में शिकायत नहीं चलेगी," दुबे म्हणाले. "लिखकर दीजिए."

"आपणही द्या," नरहरराव म्हणाले.

फोटोत कोण कुठे बसणार याचा, अजून कोराच असलेला, खुर्च्यांचा तक्ता नीळकंठरावांच्या हातात होता. त्यामागे त्यांनी एक ओळ लिहिली: 'या रजिस्टरावरून जी ज्येष्ठता निघेल ती आम्हां उभयतांस मान्य आहे.' दोघांनी ठसठशीत सह्या केल्या. मग रजिस्टर उघडले.

पहिली नोंद मुळ्यांची नव्हती, दुब्यांचीही नव्हती. स्वच्छ, बारीक अक्षरात लिहिले होते: 'वसुधा विजय करमरकर, व्याख्याता, रसायनशास्त्र. पूर्वाह्न, १० वाजून ३२ मिनिटे.' त्याखालच्या सगळ्या नोंदी अपराह्नाच्या होत्या.

यात गूढ काही नव्हते. विद्यापीठ उघडले त्या सकाळी कुलगुरू वैद्य दिल्लीच्या गाडीने येणार होते, आणि रुजू होण्याआधी त्यांच्या नजरेस पडावे म्हणून सगळे अध्यापक हार घेऊन स्टेशनवर गेले होते. गाडी चार तास उशिरा आली. वसुधा आदल्या संध्याकाळीच नागपूरहून आली होती. गावात ती कोणालाच ओळखत नव्हती, त्यामुळे कोणाला हार घालायचा हे तिला माहीत नव्हते. ती सरळ कामावर आली होती.

"या कोण?" नरहररावांनी विचारले. दोन वर्षे ते तिला रोज बघत होते.

"बावर्चीखान्यातल्या बाई," नीळकंठराव म्हणाले आणि त्यांनी शिपाई धाडला.

विद्यापीठ नवाबी काळातल्या एका पाहुणेबंगल्यात भरत असे. धूर जायला धुराडे होते म्हणून रसायनाची प्रयोगशाळा तिथल्या बावर्चीखान्यात होती. त्या वेळी वसुधा किपच्या उपकरणापाशी उभी होती. हे तीन काचगोळ्यांचे उपकरण सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार करते, आणि त्या वायूशिवाय रसायनाच्या विद्यार्थ्यांचे पान हलत नाही. तीन दिवस ती एक फाइल घेऊन कुलगुरूंच्या दाराशी चकरा मारत होती आणि तीन दिवस तिला आत सोडलेले नव्हते.

"बाई, आपको कुलगुरूसाहब के बाजू में बैठना है," शिपाई म्हणाला.

वसुधा फाइल उचलून धावली. सर्व गोष्टी वेळच्या वेळी बंद करणारी ही बाई. पण त्या दिवशी तिच्या हातून उपकरणाची तोटी उघडी राहिली.

"हिलना मत!" शकूर मियाँ ओरडले. वैद्य ताठ बसले. त्यांच्या उजवीकडे डागाळलेल्या एप्रनमध्ये, मांडीवर फाइल घेऊन वसुधा बसली.

"सर," ती ओठ न हलवता म्हणाली, "एम्.एस्सी.चा वर्ग. अकरा मुलींचे अर्ज आलेत."

"बाई, जाता जाता मी काही मंजूर करत नाही," वैद्यही ओठ न हलवता म्हणाले. "नवे कुलगुरू बघतील."

"अर्जांची शेवटची तारीख नऊ जुलै आहे."

"मग त्यांनी आठला यावं."

"सर, या मुलींना सागरला किंवा जबलपूरला कोणी पाठवणार नाही. सिहोरची सुमित्रा आहे, तिच्या वडिलांनी स्थळ बघून ठेवलंय. भोपाळात वर्ग निघाला तर शीक म्हणाले, नाही तर—"

"हिलिए मत, बाईसाहब!"

तेवढ्यात पश्चिमेकडून वाऱ्याची झुळूक आली. बावर्चीखाना पश्चिमेला होता. आधी वैद्यांच्या नाकपुड्या हलल्या, मग त्यांचे डोळे भरून आले आणि हात खिशाकडे गेला. मुळ्यांनी आणि दुब्यांनी आपापले रुमाल, खुर्चीवरून उचललेलेच, चेहऱ्याला लावले. पाहता पाहता सगळी रांग रुमालाआड गेली. शकूर मियाँनी तोवर कॅमेरा उघडला होता, आणि एका फोटोसाठी कॅमेऱ्यातल्या दोन काचा खर्च करायच्या नाहीत हा त्यांचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी स्थानिक हिंदी वर्तमानपत्रात तो फोटो आला. मथळा होता: 'अश्रुपूरित विदाई'.

त्याच सकाळी दहा वाजता नीळकंठराव बावर्चीखान्याच्या दारात उभे राहिले. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आणि एक कागद होता.

"बाई, चार्ज घ्या."

"कशाचा?"

"कुलगुरूपदाचा. नियम अकरा. पद रिकामं असताना ज्येष्ठतम अध्यापकानं दैनंदिन कामकाज पाहावं. वैद्यसाहेब काल रात्रीच्या गाडीनं गेले. जाताना त्यांनी चार्ज 'सोबतच्या तक्त्याप्रमाणे' लिहून दिला. सोबतचा तक्ता म्हणजे खुर्च्यांचा. ज्येष्ठतेचा कागद तेवढा एकच, आणि त्यात तुमचं नाव पहिलं. मागे दोन्ही प्राध्यापकांच्या सह्या आहेत."

"पण मी व्याख्याता आहे."

"तुम्ही आहात की नाही ते तुम्ही ठरवू नका, बाई. कागदावर आहे."

वसुधाने बर्नर विझवला. तोटी बंद आहे ना ते या वेळी दोनदा पाहिले. मग सही केली: 'पूर्वाह्न, १० वाजून ७ मिनिटे.'

संध्याकाळी कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये तिचा नवरा विजय तिची वाटच बघत होता.

"अगं, आमचा फोरमन विचारत होता, कुलगुरूबाईंच्या घरी दळण कोण आणतं?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्यांचे कार्यकारी यजमान."

"गिरणी आठला बंद होते," वसुधा म्हणाली. कार्यकारी यजमान पिशवी घेऊन निघाले.

फाइलीचा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. नवा वर्ग काढायला कुलगुरूंची सही लागे, आणि त्याआधी विद्वत्सभेच्या दोन प्राध्यापकांची संमती. प्राध्यापक होतेच दोन, आणि खुर्च्यांचा तक्ता सोडला तर त्यांनी एका कागदावर कधी सही केली नव्हती. शिवाय प्रस्ताव वसुधाचाच असल्यामुळे कार्यकारी कुलगुरूंना त्याबद्दल संशय होता.

दोन जुलैला कुलगुरू करमरकरांनी व्याख्यात्या करमरकरांना लिहून विचारले: 'प्रयोगशाळेस पुरेसे पाणी आहे काय?' शिपायाने फाइल दोनशे पावलांवरच्या बावर्चीखान्यात नेली, थांबला, आणि त्याच बाई येऊन त्याच फाइलीवर उत्तर लिहू लागल्या तेव्हा त्याने एक बिडी ओढून घेतली. उत्तर होते: 'टाकी बसवली आहे. कुलगुरूंनी स्वतः येऊन पाहावे.' बाई पुन्हा दालनात गेल्या, ते उत्तर वाचले, उठून बावर्चीखान्यात आल्या, तोटी उघडून बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिले, आणि दालनात परतून शेरा मारला: 'पाहिले. समाधानकारक.'

"बाई," नीळकंठराव हळूच म्हणाले, "स्वतःला इतकं विचारायला पाहिजे असं नियमात नाही."

"मला माहीत आहे. पण दुसऱ्या कोणी विचारलं तर उत्तर तयार हवं."

नीळकंठरावांनी त्या दिवसापासून तिला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली.

तीन जुलैला दुबे दालनात आले. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला आणि नजर वळवली.

"बाईसाहब, कमेटी परसों आ रही है. आपसे भी कुछ पूछेगी."

"शक्य आहे."

"तो मेरे बारे में..."

"कागदावर जे असेल तेच सांगेन, दुबेजी. सध्या तुमच्या नावाचा कागद एकच आहे, खुर्च्यांचा." तिने फाइल पुढे केली. "हा दुसरा होऊ शकतो. राजधानीत मुलींसाठी पहिला एम्.एस्सी.चा वर्ग. संमती देणाऱ्यांची जागा इथे आहे."

"मुळेजी ने किया है?"

"अजून नाही."

दुब्यांनी पेन काढले आणि वरच्या ओळीवर सही केली. ओळ पुरली नाही इतकी मोठी केली.

अर्ध्या तासात नरहरराव आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

"बाईसाहेब, दुबेंच्या खाली मी सही करणार नाही. ग्वाल्हेरच्या इतिहासात असं घडलेलं नाही."

वसुधाने थोडा विचार केला. खोटे तिला बोलता येत नसे. पण एखाद्या क्रमाकडे कुठल्या टोकाने बघायचे हे शास्त्रात बघणाऱ्यावरच असते.

"नरहरराव, दुबेजींनी संमती दिली तरी प्रस्ताव इथेच अडलाय. तुमच्या सहीवाचून तो पुढे जात नाही. म्हणजे त्यांची संमती प्राथमिक झाली. तुमची अंतिम."

"अंतिम," नरहरराव म्हणाले. त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला. "म्हणजे शेवटचा शब्द आमचा."

"कागदावर त्यानंतर प्राध्यापकांपैकी कोणाचाच नाही."

नरहररावांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने 'अंतिम' असे लिहिले. ते जिना उतरायच्या आत वसुधाने कुलगुरूंच्या जागी सही केली. चार जुलैला सूचना फलकावर लागली. त्या दुपारी सिहोरहून सुमित्रा वडिलांना घेऊन आली. वडिलांनी सूचना एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "बरं. त्या लोकांना तसं कळवतो." सुमित्राने मान खाली घातली, पण तिचे दात दिसत होते.

पाच जुलैला निवड समिती यायची होती. विद्यापीठात सकाळपासून चिटपाखरू नव्हते. प्राध्यापक, व्याख्याते, ग्रंथपाल, झाडून सगळे हार घेऊन स्टेशनवर गेले होते. समिती मात्र स्तूप बघायला आदल्या दिवशीच सांचीला उतरली होती, आणि तिथून जीपने साडेदहाला पाहुणेबंगल्याच्या दारात येऊन ठेपली.

तिघे सदस्य सगळी दालने फिरले. शेवटी माणसांचा आवाज आला तो बावर्चीखान्यातून. आत अर्ज केलेल्या अकरा मुली, नऊ तारखेची वाट न बघता, काचेच्या नळ्या वाकवत होत्या आणि एप्रन घातलेली एक बाई हातात घड्याळ घेऊन उभी होती.

"कार्यकारी कुलगुरू कुठे भेटतील?" समितीचे अध्यक्ष, मुंबईचे एक निवृत्त न्यायमूर्ती, म्हणाले.

"मीच. दोन मिनिटं थांबा. नळी गरम आहे."

न्यायमूर्ती थांबले. आयुष्यात त्यांनी पुष्कळांना थांबवले होते. थांबायची वेळ प्रथमच आली होती, आणि त्यांना ती आवडल्याचे दिसले.

"बाकीची मंडळी?"

"तुम्हाला घ्यायला स्टेशनवर."

"आणि तुम्ही नाही गेलात?"

"वर्ग होता."

न्यायमूर्तींनी मुलींकडे पाहिले, टाकीकडे पाहिले, फाइल मागून घेतली आणि ती उभ्यानेच वाचली. पाण्याबद्दलचा पत्रव्यवहार त्यांनी दोन्ही सदस्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"बाई," ते फाइल मिटून म्हणाले, "या विद्यापीठाला कुलगुरू कसा हवा असं तुम्हाला वाटतं?"

दोन नावे सुचवायची ही वेळ होती. वसुधाने एकही सुचवले नाही.

"पाणी आहे का असं कोणी विचारलं, तर तोटी उघडून बघणारा," ती म्हणाली.

समिती त्या दिवशी स्टेशनवरून परतलेल्या सर्वांना भेटली, सर्वांचे हार घेतले आणि निघून गेली. जुलैच्या अखेरीस आदेश आला. कुलगुरू म्हणून पुण्याच्या डॉ. मनोरमा गद्रे येत होत्या. भौतिकशास्त्राच्या. मुळ्ये आणि दुबे यांनी तो आदेश एकाच वेळी, एकाच कागदावर, खांद्याला खांदा लावून वाचला, आणि दोन वर्षांत प्रथमच दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले: मुळ्यांच्या मते त्या ग्वाल्हेरच्या नव्हत्या, आणि दुब्यांच्या मते जबलपूरच्या नव्हत्या.

पण धडा मात्र सगळे शिकले होते. नव्या कुलगुरूंच्या आगमनाच्या दिवशी स्टेशनवर जाण्याची चूक कोणी करणार नव्हते. सकाळी सात वाजता नरहरराव विद्यापीठात हजर झाले. दुबे पावणेसातलाच येऊन पायरीवर बसलेले होते. आठपर्यंत सगळे अध्यापक रजिस्टराभोवती जमले, आणि नीळकंठरावांच्या कारकिर्दीत प्रथमच पूर्वाह्नाचा रकाना खालपर्यंत भरला.

स्टेशनवर त्या वेळी विद्यापीठाची तीनच माणसे होती. मुंबईच्या गाडीने ब्युरेट आणि पिपेटांची पेटी येणार होती; ती सोडवून घ्यायला वसुधा, सुमित्रा आणि आणखी एक मुलगी गेल्या होत्या. पेटी उचलत असताना एका पांढऱ्या साडीतल्या, वळकटी काखेत धरलेल्या बाईंनी दुसऱ्या बाजूची कडी धरली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "'काच' लिहिलंय वर."

"डॉ. गद्रे?"

"होय. तुम्ही करमरकर असणार. न्यायमूर्तींनी सांगितलं होतं, स्टेशनवर सगळे असतील, करमरकर नसतील; त्यांच्यासाठी बावर्चीखान्यात जा. तुम्ही तर इथेच भेटलात."

"मी पेटीसाठी आले होते," वसुधाने स्पष्ट केले.

"तेच बरं," गद्रे म्हणाल्या.

चार्जचा कागद वसुधाने बरोबर आणलेला होता. पार्सल ऑफिसच्या फळीवर दोघींनी सह्या केल्या. पूर्वाह्न, ९ वाजून ५० मिनिटे. मग टांग्यात मागे पेटी ठेवली, ती हलू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुली बसवल्या, आणि दोन्ही कुलगुरू पुढे टांगेवाल्याशेजारी दाटीवाटीने बसल्या. विद्यापीठाच्या फाटकातून टांगा आत आला तेव्हा रजिस्टराभोवतीची सगळी मंडळी उठून उभी राहिली. पेटी आधी उतरवली गेली. ती उतरवायला नरहरराव आणि दुबे दोघेही धावले आणि एकेक कडी धरून तिला बावर्चीखान्यापर्यंत घेऊन गेले. पुढे कोण चालणार असा प्रश्न निघाला नाही, कारण दार रुंद होते.

दालनात गेल्यावर डॉ. गद्रे फोटोसमोर थांबल्या.

"केवढा जीव होता हो यांचा वैद्यांवर! पुढची सगळी रांग रडतेय."

"प्रसंगच तसा होता," नरहरराव हलक्या आवाजात म्हणाले.

"आँखें भर आई थीं," दुबे म्हणाले.

"हायड्रोजन सल्फाइड," वसुधा म्हणाली. "तोटी माझ्याकडून उघडी राहिली होती."

गद्रे पुढे झाल्या आणि त्यांनी फोटो जवळून पाहिला. नऊ खुर्च्या, आठ रुमाल, आणि मांडीवर फाइल घेऊन समोर बघणारा एक उघडा चेहरा.

"आणि तुम्ही?"

"मला सवय आहे."

गद्रे इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. नीळकंठराव पुढे होऊन फोटो उतरवू लागले, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"राहू द्या तिथेच."

फोटोखाली शकूर मियाँनी तक्त्यावरून नावे छापून घेतली होती. नावांच्या आधी दोन शब्द होते: 'बसलेले, ज्येष्ठतेनुसार'.